काम आणि अभ्यास : कोणाला कशाची ओढ असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न शिक्षक, पालक, कारखान्यांतील सुपरवायझर आणि लहान व्यावसायिक यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. मी काही वर्षे एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम केले आणि त्यानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळलो, त्यामुळे दोन्हीकडची उदाहरणे येथे एकत्र आली आहेत. बहुतेक प्रश्नांचा सूर ‘त्याच्यात प्रेरणा कशी निर्माण करावी’ असा असतो. उत्तर देताना मात्र मला बहुधा आधी हेच विचारावे लागते, की त्याच्यात असलेली उमेद कशाने अडली आहे, याचा शोध कोणी घेतला आहे का?

प्रेरणा म्हणजे नेमके काय? आळशी माणसाला प्रेरणाच नसते, असे म्हणता येईल का?

माणूस कोणत्या दिशेने जोर लावतो, किती जोर लावतो आणि अडचण आल्यावर किती काळ टिकून राहतो, या तीन गोष्टी मिळून आपण ज्याला प्रेरणा म्हणतो ती बनते. वर्गात शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा मुलगा गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब पैशापैशाने लावतो आणि ढोलपथकाच्या सरावाला पाच मिनिटेही उशीर करत नाही. त्याच्याकडे जोर आहे आणि चिकाटीही आहे, फक्त दिशा आपल्या सोयीची नाही. त्यामुळे ‘आळशी’ हा शब्द निदान म्हणून फारसा उपयोगाचा नाही. मराठीत ‘पाट्या टाकणे’ हा वाक्प्रचार आहे, तो अधिक अचूक वाटतो, कारण त्यात माणूस काम करतो आहे हे मान्य केलेले असते आणि त्याचे मन त्या कामात नाही, एवढेच सांगितलेले असते. मन का नाही, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माणसागणिक वेगळे निघते.

पगार वाढवला की माणूस जास्त काम करतो, हे साधे सत्य नाही का?

अर्धे सत्य आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या परिसरात सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावर आधारित निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. कामाच्या ठिकाणी विलक्षण बरे कधी वाटले आणि विलक्षण वाईट कधी वाटले, एवढेच त्यांनी विचारले होते. वाईट अनुभवांत कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती असे विषय वरचेवर आले, तर चांगल्या अनुभवांत काही तरी साध्य केल्याचा आनंद, त्याची घेतली गेलेली दखल, खुद्द काम आणि मिळालेली जबाबदारी हे विषय पुढे होते. यावरून हर्झबर्ग यांनी असे मांडले, की असमाधान दूर करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, आणि पगार त्यांनी मुख्यतः पहिल्या गटात ठेवला. या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेतला गेला : चांगल्याचे श्रेय स्वतःकडे घेणे आणि वाईटाचे खापर परिस्थितीवर फोडणे हा मनुष्यस्वभावच असल्यामुळे अशा मुलाखतींतून असेच उत्तर निघणार.

तरीही दिवाळीच्या बोनसचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या मांडणीतील तथ्य पटेल. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस सुरुवातीला ४ टक्के होता, नंतरच्या दुरुस्त्यांनी तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. तो मिळाला म्हणून कार्तिक महिन्यात कोणी अधिक जोमाने काम करताना मी पाहिलेला नाही. तो मिळाला नाही किंवा शेजारच्या कारखान्यापेक्षा दोन टक्के कमी मिळाला, तर मात्र गेटवर घोषणा सुरू होतात. जे हक्काचे झाले त्याने हुरूप येत नाही, पण ते हिरावले गेले तर मन उठते.

याचा अर्थ पैशाला जोर नाही असा मात्र काढू नये. राजस्थानात उदयपूरच्या ग्रामीण भागात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत एक प्रयोग झाला. शिक्षकाने दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबतचा फोटो काढायचा, कॅमेऱ्यातील तारीख-वेळ बदलता येणार नाही, आणि पगार हजर दिवसांच्या हिशेबाने मिळणार, अशी ती व्यवस्था होती. शिक्षकांची गैरहजेरी साधारण निम्म्यावर आली आणि मुलांचे गुणही सुधारले. हजर राहणे ही मोजता येणारी, सरळ गोष्ट होती, म्हणून पैसा तेथे चालला. मुलाची शंका ऐकताना शिक्षकाच्या चेहऱ्यावर उत्सुकता असणे ही गोष्ट कोणत्याच कॅमेऱ्याला मोजता येत नाही आणि तिच्यासाठी भत्ताही लावता येत नाही.

आणखी एक बाब कायम दुर्लक्षित राहते. माणूस आपला पगार एकटा ठेवून पाहत नाही, तो शेजारच्या टेबलाशी ताडून पाहतो. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात हे सूत्ररूपाने मांडले : आपण घातलेले आणि आपल्याला मिळालेले यांचे प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाशी तोलतो, आणि तोल गेला की बहुधा स्वतःचे घातलेले कमी करून तो हिशेब बरोबर करतो. ‘त्याला तेवढेच मिळते, मग मी कशाला मरू?’ या वाक्यात हा सगळा सिद्धांत आला.

मॅस्लो यांच्या त्रिकोणाप्रमाणे आधी पोट भरावे लागते, मगच वरच्या प्रेरणा जाग्या होतात ना?

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची उतरंड (भूक आणि सुरक्षिततेपासून मान आणि आत्मविकासापर्यंत) मांडली, परंतु त्या लेखात त्रिकोण नव्हता, तो नंतर व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून रूढ झाला. त्रिकोणाच्या आकृतीमुळे एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही, असा समज पसरला, आणि स्वतः मॅस्लो यांनीही इतका कडक क्रम सांगितलेला नव्हता. आपल्याकडे तर याची उलट उदाहरणे पावलोपावली आहेत. मेसचा एकच डबा दोघांत खाऊन अभ्यासिकेत बारा तास बसणारी मुले पुण्याच्या पेठांत आजही भेटतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील ‘कमवा आणि शिका’ ही योजना तर रिकाम्या खिशाची मुलेच शिकण्यासाठी राबतील, या विश्वासावर उभी राहिली. उपाशी पोटी लक्ष लागत नाही हे खरेच आहे आणि शाळेतील दुपारचे जेवण म्हणूनच महत्त्वाचे आहे. पण ‘त्यांच्या गरजा प्राथमिक आहेत, त्यांना मान आणि स्वायत्तता कशाला?’ असा अर्थ कोणी त्या त्रिकोणातून काढत असेल, तर ती आकृती भिंतीवरून उतरवलेली बरी.

बक्षिसे दिल्याने मुलांची मूळ आवड मरते, असे ऐकले आहे. मग बक्षीस द्यावे की नाही?

या प्रश्नावर पालकसभांत हमखास वाद होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काही विद्यार्थ्यांना मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यासाठी पैसे दिले आणि पुढच्या सत्रात ते थांबवले. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचा मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळण्याचा उत्साह उतरलेला दिसला. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर असाच प्रयोग केला. एका गटाला ‘चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, दुसऱ्या गटाला चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा ठेवली, तेव्हा पहिल्या गटातील मुलांनी इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या आवडीला मात्र धक्का लागलेला नव्हता.

या प्रयोगांतील अटी लोक विसरतात. मुलांना ते काम आधीपासून आवडत होते, आणि बक्षीस आधी कबूल केलेले, दिसण्याजोगे व शर्तीचे होते. जे काम मुलाला मुळात आवडतच नाही, किंवा जे त्याने कधी करूनच पाहिलेले नाही, त्यात मरण्याजोगी आवड असते कोठे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात मागास राहिलेल्या वर्गांतील मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे ठेवावीत, म्हणजे आईवडील मुलांना शाळेत पाठवतील आणि मुलांना शिक्षणाची गोडी लागेल, असे सुचवले आहे. बक्षीस उंबरठ्यापर्यंत आणण्यासाठी आहे आणि आतली गोडी नंतर लागायची आहे, हा भेद या प्रयोगांच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी पुण्यात बसून मांडला गेला होता. माझ्या मते या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर अद्याप मिळालेले नाही.

व्यवहारात म्हणाल तर, जी मुलगी स्वतःहून पुस्तके वाचते तिला प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये देऊ नयेत. जो मुलगा पाढे म्हणायलाच तयार नाही त्याच्यासाठी पहिले काही दिवस ताऱ्यांचा तक्ता लावायला हरकत नाही, मात्र तो तक्ता केव्हा उतरवायचा हे आधीच ठरवून ठेवावे.

शिक्षा किंवा दंड लावला तर?

दंडाने काय घडेल हे त्या दंडाचा अर्थ समोरचा काय घेतो यावर अवलंबून असते. इस्राएलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना थोडा दंड लावला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाली आणि पुढे दंड रद्द केल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, आता पालक उशिराचे पैसे मोजत होते. दुसरीकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. त्या काळच्या मजुरीचा विचार करता ती रक्कम ‘परवडली, भरून टाकू’ अशी नव्हती, आणि तिच्यासोबत शाळाही उघडल्या जात होत्या. कार्यालयात लेटमार्क लावून तीन लेटमार्कांची एक रजा कापणारे नियम बहुधा हैफाच्या वाटेने जातात. ज्यांनी हजेरीपटाशी व्यवहार केला आहे त्यांना महिन्यातले दोन ‘फुकटचे’ उशीर कसे पुरवून वापरले जातात, हे ठाऊक असेलच.

माझा मुलगा हुशार आहे, पण अभ्यासच करत नाही. काय करावे?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो, आणि अडचणीचे मूळ पुष्कळदा त्यातल्या पहिल्या चार शब्दांत असते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतील मुलांना कोडी सोडवल्यावर दोन प्रकारे शाबासकी दिली : काहींना ‘तू हुशार आहेस’, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन त्यांना अपयश चाखायला लावले. हुशारीची शाबासकी मिळालेली मुले त्यानंतर लवकर हिरमुसली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. हुशार म्हणवून घेणाऱ्याला प्रयत्न करून नापास होण्यापेक्षा प्रयत्नच न करणे परवडते, कारण मग ‘अभ्यास केला असता तर पहिला आला असता’ ही पदवी शाबूत राहते. अर्थात ‘बुद्धी वाढवता येते’ असे मुलांना शिकवणाऱ्या छोट्या कार्यक्रमांचा परिणाम मोठ्या प्रमाणावर तपासला असता तो लहानच निघाला, आणि मुख्यतः मागे पडलेल्या मुलांत निघाला. तेव्हा एका वाक्याच्या बदलाने चमत्कार होईल, अशी अपेक्षा बाळगू नये.

दुसरी शक्यताही तपासावी. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये कामाबाबत जे मांडले ते अभ्यासालाही लागू पडते. माणूस नकळत तीन प्रश्न विचारत असतो : मी प्रयत्न केला तर मला जमेल का, जमले तर त्याचे काही फळ मिळेल का, आणि ते फळ मला हवे आहे का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीची दोन कितीही भक्कम असली तरी हात हलत नाही, कारण हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. आपण मुलांना तिसरा प्रश्न पटवण्यात तासन् तास घालवतो (‘डॉक्टर झालास तर बघ’), आणि मूल पहिल्याच प्रश्नावर अडलेले असते.

आठवीतील एका मुलीची गणिताची वही मला आठवते. प्रत्येक उदाहरण शाईने, समास आखून, उत्तराखाली दोन रेघा मारून लिहिलेले होते आणि बाईंनी सगळीकडे बरोबरची खूण केलेली होती. वही उलटी धरल्यावर शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेले तिचे स्वतःचे प्रयत्न दिसले, इतक्या जोराने खोडलेले की कागद पातळ होऊन पलीकडचे अक्षर दिसत होते. अपूर्णांकांची बेरीज करताना ती वरचे अंक वेगळे आणि खालचे अंक वेगळे मिळवत होती. ही चूक तिने पाचवीपासून सांभाळली होती आणि फळ्यावरचे उतरवून ती झाकली होती. घरी तिच्याबद्दल ‘गणितात रसच नाही’ असे बोलले जात असे. अपूर्णांक नीट समजायला तिला सुमारे तीन आठवडे लागले. त्यानंतर तिला गणित प्रिय झाले असे नाही, पण वहीचे शेवटचे पान खोडणे थांबले.

प्रत्येकाला कशाची ओढ आहे, हे ओळखायचे कसे?

डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तीन ओढी वेगळ्या काढल्या : काही तरी उत्तम करून दाखवण्याची, माणसांशी जुळलेले राहण्याची आणि इतरांवर प्रभाव पाडण्याची. प्रत्येकात तिन्ही असतात, प्रमाण वेगळे असते. लोकांना थेट विचारले तर ते शोभेलसे उत्तर देतात, म्हणून ते संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगत आणि त्या गोष्टींतील माणसे कशासाठी धडपडतात हे मोजत. या कामाचा भारताशी जवळचा संबंध आहे. १९६४ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील लहान व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेऊन दहा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले, आणि तुलनेसाठी राजमहेंद्री शहर घेतले गेले. प्रशिक्षण घेतलेले लोक पुढे धंद्यात अधिक हालचाल करताना, नवे उद्योग काढताना दिसले. ओढ जन्मजात आणि ठरलेली नसते, ती जोपासता येते, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

आपल्यापाशी चित्रांची चाचणी नसते, पण डोळे असतात. एखादे काम संपल्यावर माणूस सर्वात आधी काय सांगतो ते ऐकावे. एक जण ‘शंभरातले सत्त्याण्णव पीस ओके गेले’ असे सांगतो, दुसरा ‘आज आमच्या लाइनवर मजा आली’ म्हणतो आणि तिसरा ‘शेवटी माझीच सेटिंग चालली’ असे ऐकवतो. पहिल्याला रोजच्या रोज निकाल कळला पाहिजे आणि काम ना फार सोपे ना अशक्य असले पाहिजे. दुसऱ्याला एकट्याने चालवायच्या मशिनवर बढती म्हणून बसवले तर ती त्याला शिक्षा वाटते. तिसऱ्याला नव्या मुलांना शिकवण्याचे काम दिले तर तो खुलतो, आणि दिले नाही तर युनियनमध्ये किंवा चहाच्या टपरीवर आपला दरबार भरवतो. वर्गातही हेच तीन चेहरे दिसतात. मात्र एकदा पाहून शिक्का मारू नये. घरी बाळ आले, वडील आजारी पडले किंवा कर्जाचा हप्ता वाढला की तोच माणूस वर्षभर फक्त वेळेवर घरी जाण्यासाठी काम करतो, आणि तेही योग्यच असते.

कामच कंटाळवाणे असेल तर प्रेरणा येणार कोठून?

येथे आपल्या शेजारचेच उदाहरण देतो. १९५३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तेथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, यंत्रे चांगली होती, तरी उत्पादन वाढत नव्हते. एकच कापड विणण्याच्या कामाचे अनेक तुकडे करून ते वेगवेगळ्या कामगारांत वाटले होते, आणि कोणाचा कोणाशी नेमका काय संबंध हे स्पष्ट नव्हते. ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, अशी कल्पना पुढे आली. कामगारांनी ती लगेच उचलली आणि गट स्वतःच बनवले. सुरुवातीच्या गोंधळानंतर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते आणि माणसेही तीच. १९७० मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकलेली दिसली, तर इतरत्र ती जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे ही व्यवस्था एकदा बसवून विसरण्याजोगी नव्हती.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे माणसाच्या तीन मानसिक गरजा सांगितल्या : आपले आपण ठरवता येणे, आपल्याला जमते आहे असे जाणवणे आणि आपली माणसे असणे. कॅलिकोच्या मागांवर नकळत या तिन्हींची सोय झाली होती. कंटाळवाणे काम नेहमीच बदलता येत नाही, पण ते कोणत्या क्रमाने करायचे, कोणासोबत करायचे आणि चूक झाल्यास कोणी दुरुस्त करायची, यातले काही ना काही करणाऱ्याच्या हाती देता येतेच.

ते न दिल्यास काय होते हे मी जवळून पाहिले आहे. ग्राइंडिंगवरचा एक जुना ऑपरेटर कामचुकार म्हणून माझ्याकडे पाठवला गेला होता. बोलता बोलता त्याने शॉपमधल्या सूचनापेटीकडे बोट दाखवले. पेटीची चावी कोणाकडेच नव्हती. कुलूप गंजलेले होते, ते फोडावे लागले. आत सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या, त्यांतल्या सात त्याच्या होत्या. सर्वात जुन्या चिठ्ठीत कूलंटच्या (घासताना थंडावा देणाऱ्या द्रवाच्या) नळीचा कोन बदलावा, असे आकृती काढून लिहिले होते. कोन बदलून पाहिला तर त्या मशिनवरचे रिजेक्शन, म्हणजे बाद होणाऱ्या मालाचे प्रमाण, उतरले. तोवर त्याच्यासाठी दोन वेळा समुपदेशन आणि एकदा ‘सकारात्मक दृष्टिकोन’ या विषयावरचे शिबिर झाले होते, आणि ते घडवून आणणाऱ्यांत मीही होतो.

टार्गेट दिल्याने माणसे चांगले काम करतात का?

स्पष्ट आणि थोडे अवघड उद्दिष्ट ‘जमेल तेवढे करा’ यापेक्षा चांगले परिणाम देते, हे एडविन लॉक यांच्या १९६८ पासूनच्या कामातून वारंवार दिसले आहे. अट एवढीच, की ते उद्दिष्ट माणसाने मनापासून स्वीकारलेले असावे. धोका निराळा आहे : जे मोजाल तेवढेच मिळते. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि सरकारी तपासनीस वाचन, लेखन, गणित यांची जी परीक्षा घेई तिच्यावर ठरू लागले, तेव्हा शिक्षक तपासनीस येईपर्यंत तेच उतारे मुलांकडून घोकून घेऊ लागले. दहावीच्या निकालाची टक्केवारी फ्लेक्सवर छापणाऱ्या शाळांनी कच्च्या मुलांना नववीतच का अडवले, याचे उत्तरही तेथेच आहे.

आजच्या तरुणांना पूर्वीसारखी निष्ठा उरलेली नाही, हे खरे आहे का?

वयामुळे पडणारा फरक आणि पिढीमुळे पडणारा फरक यांत आपण गल्लत करतो. पंचविशीत नोकऱ्या बदलून पाहणे आणि पन्नाशीत स्थैर्य शोधणे हे पूर्वीही होतच होते. बदललेली गोष्ट कराराची आहे. ज्याला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेतले त्याच्याकडून तीस वर्षांच्या निष्ठेची अपेक्षा करणे हा आपला हिशेबातला घोटाळा आहे.

स्पर्धा परीक्षेचे चार प्रयत्न फसले, तरी मुलगी थांबायला तयार नाही. ही प्रेरणा मानायची का?

दुरून हे सांगता येत नाही, पण वेगळे ओळखण्याची एक खूण आहे. ‘अजून एक प्रयत्न का?’ या प्रश्नाला ती पुढचे सांगते की मागचे, हे पाहावे. ‘यंदा मी मुख्य परीक्षेची उत्तरे लिहिण्याची पद्धत बदलली आहे, वैकल्पिक विषयात इतके गुण वाढू शकतात’ हे पुढचे उत्तर आहे. ‘इतकी वर्षे घातली, आता गावात कोणत्या तोंडाने जाऊ’ हे मागचे उत्तर आहे आणि त्यात ओढीपेक्षा भीती जास्त आहे. दुसऱ्या प्रकारच्या उमेदवाराला थांबण्याचा सल्ला देऊन उपयोग होत नाही, कारण त्याला परतीची वाटच दिसत नसते. घरच्यांनी ‘परत ये’ म्हणण्याऐवजी परतल्यावर काय करता येईल, याची एखादी ठोस सोय दाखवली आणि गावातल्या चौकश्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, तर निर्णय हलका होतो.

वर्षातून एकदा प्रेरणादायी व्याख्यान ठेवावे का?

ठेवावे, चहा आणि बटाटेवडे चांगले असतील तर लोक खूशही होतात. त्या दिवशीचा उत्साह सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंत पुरेल, असे मात्र धरू नये. त्याऐवजी ज्यांच्यासाठी काम होते त्यांची भेट घडवावी. व्हील-चेअरचे सुटे भाग बनवणाऱ्या कामगाराने ती खुर्ची वापरणारा माणूस एकदा पाहिला, तर त्याला बेअरिंगची खरखर वेगळी ऐकू येऊ लागते.

हे सगळे करूनही एखाद्याचे कशातच मन लागत नसेल तर?

तर हा विषय प्रेरणेचा राहिलेला नाही, असे धरून चालावे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा होणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर नैराश्याची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, आणि थायरॉइड किंवा रक्तक्षय यांसारखी शारीरिक कारणेही पाहावीत. शाळकरी मुलाच्या बाबतीत डोळे, कान आणि वाचनाची विशिष्ट अडचण यांची तपासणी आधी करावी, कारण फळा न दिसणारे मूल बहुधा ‘लक्ष नसलेले मूल’ म्हणूनच ओळखले जाते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. फोन त्या व्यक्तीनेच करावा असे नाही, काळजी वाटणारा सहकारी किंवा पालकही करू शकतो.